बंदराचा शेजारी

सौंदडला समुद्र नाही. गोंदिया जिल्ह्यातलं हे आमचं गाव. एकीकडून राष्ट्रीय महामार्ग जातो, दुसरीकडून गोंदिया-नागभीड-बल्लारशाह रेल्वे. पाणी म्हणाल तर तलावांचं, आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधलं. मुंबईचं बंदर इथून हजारेक किलोमीटर लांब. तरी गेले काही महिने मी बंदरांबद्दल मिळेल ते वाचतोय. त्याला कारण धूळ.

आमचं घर रुळांपासून फार लांब नाही. उघड्या वाघिणींची मालगाडी गेली की खिडकीच्या गजांवर काळपट भुकटी बसते. बोट फिरवलं की रेघ उमटते. अम्मी दोरीवरचे पांढरे कपडे झटकते आणि पुन्हा कामाला लागते. ही तक्रार नाही, सवयीची गोष्ट आहे. पण ही धूळ नेमकी कुणाची, हे शोधत गेलो आणि बंदरापर्यंत पोचलो.

दुसरं कारण माझे नाना. सत्तरच्या दशकात ते हजला गेले ते जहाजाने. गोंदियाहून रेल्वेने मुंबई, तिथे मुसाफिरखान्यात मुक्काम आणि मग ‘अकबर’ जहाज. (मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणं १९९५ नंतर बंद झालं. आजच्या पोरांना ही गोष्ट सांगितली की दंतकथा वाटते.) नाना परत आले तेव्हा मक्का-मदिन्याबद्दल खूप बोलले, समुद्राबद्दल थोडं, पण गोदीबद्दल एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायचे, “तिथं भिंतीला लागून माणसं राहतात रे, कशी राहतात कोण जाणे.” धूर, भोंगे, सुक्या मासळीचा वास, रात्रभर चालणाऱ्या क्रेन. आयुष्यभर धानाचा कोंडा आणि राख पाहिलेल्या माणसाला तो शेजार सोसण्यापलीकडचा वाटला होता.

‘बंदर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘मुत्सद्दी’ हा शब्दही बंदराशी नातं सांगतो. मुघल काळात सुरतेच्या बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मुतसद्दी म्हणत. म्हणजे भाषेने बंदर घेतलं, बंदराचा अधिकारीही घेतला. बंदराच्या शेजाऱ्यासाठी मात्र वेगळा शब्द कुणी केला नाही.

हा शेजारी शोधायचा तर मुंबईत १८४४ पासून सुरुवात करावी लागते.

आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तिथे त्या काळी किल्ल्याच्या आत एक मोठं मैदान होतं. त्याला बॉम्बे ग्रीन म्हणत. समोर सेंट थॉमस चर्च, आजूबाजूला कंपनीच्या अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची घरं, कचेऱ्या. हंगामात या मैदानावर कापसाचे ढीग लागायचे. त्यात गुजरातचा कापूस होता, तसाच आपल्या वऱ्हाडचाही, कारण १८२० च्या दशकापासून बैलांच्या पाठीवर लादून वऱ्हाडी कापूस मुंबईला जाऊ लागला होता. गाठी बांधायच्या, वजन करायचं, सौदे करायचे, सगळं चर्चच्या दारात. हवेत तंतू उडत, रस्ते अडत आणि आगीची धास्ती कायम असे. १८०३ मध्ये फोर्टचा मोठा भाग एका आगीत जळून गेला होता. १८४४ मध्ये कापसाचा बाजार तिथून उचलून कुलाब्याला नेण्यात आला. सहा वर्षांपूर्वीच, १८३८ मध्ये, कुलाब्याचा कॉजवे पूर्ण झाला होता, त्यामुळे ते सोपं झालं. कुलाब्यात तेव्हा होतं काय? लष्कराची छावणी, थोडे बंगले आणि कोळी. ग्रीनवर पुढे सुंदर वर्तुळाकार इमारती उभ्या राहिल्या. मैदान स्वच्छ झालं.

पण कापूस कमी झाला नाही, उलट वाढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) तर इतका वाढला की मुंबई सट्ट्याने वेडी झाली. उपद्रव तोच राहिला, बदलला तो फक्त पत्ता.

ही गोष्ट मला बंदरांच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून पुढचा भाग सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कुलाबा बदललेला होता. कफ परेडला प्रतिष्ठित लोकांचे बंगले उभे राहिले होते. कापसाला जागा पुरत नव्हती आणि नव्या शेजाऱ्यांना कापूस नको होता. तोपर्यंत पोर्ट ट्रस्टने १९०८ ते १९१२ या काळात माझगाव ते शिवडी समुद्रात भर घालून ५८३ एकर नवी जमीन तयार केली होती. अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) खोदताना निघालेला गाळ आणि दगड इथे कामी आला. १९२० च्या दशकात कापसाच्या वखारी या नव्या जमिनीवर गेल्या. हार्बर लाईनवरच्या ‘कॉटन ग्रीन’ स्टेशनचं नाव याच स्थलांतराची खूण आहे. फोर्टातल्या ग्रीनचं नाव कुलाब्याला गेलं, कुलाब्याहून शिवडीला आलं. ऐंशी वर्षांत एकाच बाजाराने दोन बिऱ्हाडं बदलली, आणि दर वेळी ज्यांच्याजवळून तो उठला ते अर्ज लिहू शकणारे होते, ज्यांच्याजवळ जाऊन बसला ते नव्हते. शिवडी-परळला तेव्हा गिरणी कामगारांच्या चाळी होत्या.

त्या नव्या जमिनीवर एकटा कापूस गेला नाही. धान्य गेलं, कोळसा गेला आणि मँगनीज गेलं. इथे मला थांबावं लागलं. मध्य प्रांतात १९०० च्या सुमारास मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. नागपूर, बालाघाट आणि भंडारा हे त्यातले मुख्य जिल्हे. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. मध्य प्रांताचं हे खनिज रेल्वेने मुंबई आणि कलकत्त्याच्या बंदरांवर जाई. पुढे १९३१ मध्ये रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्ग पूर्ण झाला, १९३३ मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं आणि तिकडची वाट जवळची झाली. पण त्याआधीच्या काळात शिवडीच्या चाळींतल्या एखाद्या बाईने दोरीवरचे कपडे झटकले असतील, तर त्यातली काही धूळ आमच्या भागातली होती. मी इथे खिडकीचे गज पुसत स्वतःला बंदराच्या उपद्रवाचा बळी समजत होतो. हिशेब इतका सरळ नाही.

आता कायद्याकडे. मुंबईचा पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला. ससून गोदी १८७५, प्रिन्सेस गोदी १८८०, व्हिक्टोरिया गोदी १८८८. देशभरच्या बंदरांसाठी १९०८ चा भारतीय बंदर कायदा आला आणि तो शंभरावर वर्षं चालला. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला. १९०८ च्या कायद्यात उपद्रव रोखणारी कलमं आहेत. जहाजावरची भर किंवा कचरा बंदराच्या पाण्यात टाकू नये. मनाई असलेल्या ठिकाणी जहाजावर डांबर, राळ, तेल उकळू नये. उघड्या दिव्याच्या उजेडात स्पिरिट काढू नये. बंदरात विनाकारण बंदुका उडवू नयेत. वाचताना बरं वाटतं. मग लक्षात येतं की यातलं जवळजवळ प्रत्येक कलम एका जहाजाला दुसऱ्या जहाजापासून आणि बंदराला जहाजापासून वाचवतं. कचरा टाकला तर गाळ साचून वाट बंद होईल, डांबर पेटलं तर शेजारचं जहाज जळेल. भिंतीपलीकडे राहणारा माणूस त्या कलमांमध्ये मला दिसला नाही.

तो दिसला प्लेगमध्ये, पण आरोपी म्हणून.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला चिकटलेली वस्ती. धान्याच्या वखारी, वखारींत उंदीर आणि वखारींच्या वर माणसं. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला प्लेग फुटला होता आणि त्या बाजूने जहाजं येतच होती. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर सरकारने उपाय केले ते माणसांवर. १८९७ चा साथरोग कायदा आला. घरं धुतली, छपरं उचकटली, रुग्णांना ओढून इस्पितळात नेलं, माणसांना छावण्यांत ठेवलं. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली. हाजी तर आधीपासूनच बंदराच्या वहीत उपद्रव म्हणून नोंदलेले होते. १८७६ चा एतद्देशीय प्रवासी जहाज कायदा, १८९५ चा यात्रेकरू जहाज कायदा, १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावरचं विलगीकरण. जहाजात मेंढरांसारखी माणसं भरली जात होती, त्यामुळे या नियमांची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. कॉलरा खरा होता. पण कापसाच्या मालकाला कुणी कधी छावणीत ठेवलं नाही, हेही खरं आहे.

पुढे उपाय सापडला तो साधा होता. जहाज धक्क्याला बांधलं की प्रत्येक दोरावर पत्र्याची गोल चकती लावायची, म्हणजे दोरावरून उंदीर खाली उतरू शकत नाही. जहाजात धुरी द्यायची आणि तसं प्रमाणपत्र बाळगायचं. १९२६ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारापासून उंदीर-मुक्तीचं प्रमाणपत्र जहाजांना बंधनकारक होत गेलं. आजही बंदरात गेलात तर दोरांवर त्या चकत्या दिसतील. मला ती चकती फार आवडते. उपद्रव जिथून निघतो तिथेच तिने तो अडवला, आणि त्यासाठी कुणाला घर सोडावं लागलं नाही.

अशा चकतीसारखाच एक रिवाज मुंबईत होता. स्फोटकं घेऊन आलेलं जहाज गोदीत आणायचं नाही. बाहेर खोल पाण्यात नांगरायचं, तिथेच माल छोट्या बार्जमध्ये उतरवायचा आणि मग किनाऱ्याला आणायचा. वेळ लागतो, खर्च लागतो, पण शहर वाचतं. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत हा रिवाज बाजूला पडला.

‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि सोन्याच्या १२४ विटा. कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गाठी भरल्या, शिवाय तेलाची पिंपं, लाकूड, भंगार. म्हणजे पेटणारं आणि फुटणारं सगळं एका छताखाली. १२ एप्रिलला ते मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत लागलं. स्फोटकं असल्याचा लाल बावटा त्यावर नव्हता. दोन दिवस ते तसंच उभं होतं. १४ एप्रिलला दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या फळीतून धूर निघताना दिसला. खाली कापूस पेटला होता आणि वर स्फोटकं होती. आग विझवणारे बंब आले, पाणी ओतत राहिले. जहाज ओढून बाहेर न्यायचं की तिथेच बुडवायचं, याचा निर्णय झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. १,७०० किलोमीटरवरच्या शिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा नोंदवला.

मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या आठवणीसाठी १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन असतो. (आपल्याकडे त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक असते, त्यामुळे हा दुसरा दिन फारसा कुणाच्या लक्षात येत नाही.) पेटत्या कापसाच्या गाठी हवेतून उडून मांडवी, मशीद बंदरच्या वस्त्यांवर पडल्या. सुमारे ऐंशी हजार माणसं बेघर झाली. आठ हजार माणसांनी सात महिने खपून पाच लाख टन राडारोडा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली.

या स्फोटाबद्दल बोलताना लोक सोन्याच्या विटांची गोष्ट आवडीने सांगतात. कुणाच्या घराचं छप्पर फोडून सोन्याची वीट आत पडली, गाळ काढताना कशा विटा सापडत राहिल्या. मला मात्र त्या बार्ज आठवतात. एक नियम होता, तो चांगला होता, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तो मोडताना घाईचं नाव पुढे केलं, आणि त्या घाईची किंमत भिंतीपलीकडच्यांनी दिली. १९५० च्या दशकात तेलाची जहाजं शहरापासून लांब, बुचर बेटावर (आजचं जवाहर द्वीप) लागू लागली. तेल तिथून समुद्राखालच्या नळांतून येतं. अंतर राखणं हाही एक उपाय असतो, आणि ज्वालाग्रही मालाला तो शोभतो. पण प्रत्येक मालाला बेट मिळत नाही.

कोळशाला मिळालं नाही. शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं कोळसा उघड्यावर उतरत होता. ढीग, ट्रक, वारा आणि भुकटी. गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी ती गिळली. मग गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि तिसाव्या मजल्याच्या काचेवर काळा थर बसू लागला. निवेदनं गेली, वर्तमानपत्रांत फोटो आले, प्रकरण न्यायालयापर्यंत पोचलं आणि गेल्या दशकात हाजी बंदरावरची कोळशाची हाताळणी बंद झाली. चांगलं झालं. जुन्या चाळीतल्या दम्याच्या म्हाताऱ्यालाही तीच स्वच्छ हवा मिळाली. पण १८४४ चा कापूस आणि हा कोळसा शेजारी ठेवून पाहिले की बंदराचा कान कुणाच्या बाजूला वळतो ते दिसतं.

मग बंद करणं किंवा हलवणं, याशिवाय काही करता येतच नाही का? येतं, आणि त्यात गूढ काही नाही. कोळसा जहाजातून काढताना उंचावरून सोडायचा नाही, बंद पट्ट्यांवरून न्यायचा. ढिगावर सतत पाणी मारायचं, उंची मर्यादित ठेवायची, भोवती वाऱ्याला अडवणारे उंच पडदे लावायचे, जमलं तर पूर्ण छत घालायचं. जोराचा वारा सुटला की काम थांबवायचं. ट्रक बाहेर पडताना त्याची चाकं धुवायची, वर ताडपत्री बांधायची. ढिगावर मारलेलं पाणी काळं होऊन समुद्रात जाणार नाही यासाठी टाक्या बांधायच्या. या शेवटच्या गोष्टीचा बहुतेकांना विसर पडतो, आणि हवेतली भुकटी कोळ्यांच्या जाळ्यात जाते. हे सगळं करायला पैसे लागतात आणि प्रत्येक टनामागे थोडा वेळ लागतो. वेळ हीच बंदराची कमाई असल्यामुळे नियम कागदावर राहतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या बंदराने हे कसं केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथे सॅन पेड्रो आणि विल्मिंग्टन या शेजारच्या वस्त्या. २००१ मध्ये रहिवासी आणि पर्यावरण संघटना एका नव्या कंटेनर टर्मिनलविरुद्ध न्यायालयात गेल्या. २००३ मध्ये समझोता झाला आणि २००४ मध्ये तिथे धक्क्याला लागलेली कंटेनर जहाजं स्वतःचं इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज वापरू लागली. २००६ मध्ये शेजारच्या लाँग बीच बंदरासह हवेसाठी संयुक्त योजना आली, २००८ पासून जुन्या धुरकट ट्रकना टप्प्याटप्प्याने बंदी. तिथेही शेजाऱ्यांना भांडावं लागलं. पण भांडणातून जे निघालं ते उंदराच्या चकतीसारखं होतं, धूर जिथे निघतो तिथेच बांधलेलं.

आपल्याकडे असं भांडण सगळ्यात चिकाटीने लढलं ते गोव्याने. मुरगाव हे तिथलं मोठं बंदर, वास्को शहराला चिकटलेलं. एकेकाळी तिथून लोहखनिज बाहेर जायचं, आता परदेशी कोळसा आत येतो आणि रेल्वेने कर्नाटकातल्या बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. वास्कोतल्या लोकांनी घरातली काळी फडकी दाखवून वर्षानुवर्षं तक्रार केली. २०१७ मध्ये बंदराच्या विस्तारावर जनसुनावणी झाली, ती दिवसेंदिवस चालली. लोक उठून उठून बोलत राहिले.

पण मला जास्त शिकवून गेलं ते चांदोर. चांदोर गाव बंदरावर नाही. ते सासष्टीत, आत, रेल्वेमार्गावर आहे. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री हजारो लोक चांदोरच्या फाटकाजवळ जमले आणि रुळांवर बसून राहिले. रेल्वेचं दुपदरीकरण झालं की कोळसा वाढणार, हे त्यांचं म्हणणं. सरकारचं म्हणणं होतं की दुसरा रूळ प्रवाशांसाठी आणि सगळ्याच वाहतुकीसाठी आहे. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. त्या रात्री चांदोरच्या लोकांनी एक गोष्ट ठरवून टाकली. बंदर कुंपणापाशी संपत नाही. रूळ जिथवर जातात तिथवर त्याचा शेजार आहे.

हे वाचताना मी सौंदडच्या घरात बसलो होतो आणि बाहेरून मालगाडी जात होती.

बंदराला शेजारीच नको म्हणून समुद्रात सरकायचं, हा नवा विचार पालघर जिल्ह्यातल्या वाढवणला दिसतो. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे एक प्राधिकरण नेमलं गेलं आणि १९९८ मध्ये त्याने वाढवणचं बंदर नाकारलं. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. सरकार म्हणतं, सुमारे १,४४८ हेक्टर जमीन समुद्रात भर घालून होणार, त्यामुळे कुणाचं गाव उठणार नाही. मच्छिमार म्हणतात, आमचं शेत तिथेच आहे. मला मच्छिमारांचं बोलणं पटतं. गाव मोजायचं तर घरांवरून मोजायचं की पोटावरून, एवढाच हा वाद आहे. न्हावा-शेवाच्या वेळी तो जमिनीवर लढला गेला होता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. पाच वर्षांनी, मे १९८९ मध्ये, बंदर सुरू झालं. जुन्या शेवा गावातले कोळी ज्या नव्या जागी बसवले गेले, त्या हनुमान कोळीवाड्यात घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसन करा म्हणून त्यांना कित्येक वर्षं दारं ठोठावावी लागली.

आता बंदर विदर्भातही येतंय. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे इथे न्हावा-शेवाच्याच बंदराचं कोरडं बंदर, म्हणजे समुद्राशिवायचं बंदर, २०१७ पासून आकाराला येतंय. कंटेनर इथेच सील होणार आणि थेट जहाजावर जाणार. वऱ्हाडचा कापूस, आमच्याकडचा तांदूळ यांना ते हवंच आहे, आणि मलाही हवं आहे. फक्त तिथे ट्रकची चाकं धुतली जातील का, रात्री भोंगे किती वाजतील, वाघिणींवर ताडपत्री असेल का, हे प्रश्न पायाभरणीच्या भाषणांत कुठे ऐकू आले नाहीत. हॉर्निमन सर्कलच्या रहिवाशांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे विचारता आलं होतं.

मागच्या आठवड्यात स्टेशनवर एका ओळखीच्या माणसाला विचारलं, “ही गाडी कुठं चालली, दादा?” तो हसला. “बंदरावरून आली का बंदराला चालली, ते कागदावर असते, भाऊ. आपल्याले काय दिसते?” गाडी हळूहळू पुढे सरकत होती. मी वाघिणी मोजत राहिलो. अठ्ठावन्न झाल्या. एकीवरही ताडपत्री नव्हती. तेवढ्यात घरून फोन आला, अम्मीचा. येताना साबण आण म्हणाली.